फ्लूची लस कर्मचाऱ्यांना सक्तीची करावी का? घोडबंदर रोडवरच्या मेट्रनताईंना उत्तर

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सत्तर खाटांच्या खासगी रुग्णालयात तुम्ही मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सिंग स्टाफच्या प्रमुख आहात. गेल्या पावसाळ्यात आयसीयूतल्या तीन सिस्टर एकाच आठवड्यात तापाने पडल्या. त्याच सुमारास तिथल्या एका पेशंटचा एच१एन१ चा (स्वाइन फ्लूचा) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. यंदा मालक डॉक्टरांनी ठरवलंय की मेअखेरपर्यंत सगळ्या स्टाफने फ्लूची लस घ्यायची आणि जो घेणार नाही त्याचा पगार अडवायचा. ऑर्डरचा मसुदा तुमच्याकडे आलाय. मुली कुरकुरतायत, दोघींनी तर तोंडावर नाही म्हणून सांगितलंय. अशी सक्ती करता येते का आणि करावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते, नंतर बरीच वर्षं नवी मुंबईत इन्फेक्शन कंट्रोलचं काम करतेय. मी लसीच्या बाजूची आहे आणि दरवर्षी स्वतः घेते, हे आधीच सांगते. तरीही माझं मत असं की यंदा सरसकट सक्ती करू नका. पुढच्या वर्षी ठरावीक विभागांपुरती करता येईल, पण तोवर रुग्णालयाने आपल्या वाट्याचं काम पूर्ण केलेलं असायला हवं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय. लस न घेतलेले सगळे लसीला नाही म्हणणारे आहेत, असं मालकांना वाटतंय. माझा अनुभव वेगळा आहे. यादी घेऊन एकेकाला विचारत गेलं की ठाम नकार देणारे मोजके निघतात. बाकीचे राहून गेलेले असतात. कोणाची सलग नाईट होती आणि लसीची वेळ सकाळी अकरा ते एक ठेवलेली. कोणी त्या आठवड्यात गावी गेलेलं. कोणाला दीड-दोन हजार रुपये खिशातून भरायचे होते, त्यातले अर्धे पैसे रुग्णालय देणार असलं तरी. कोणाला दुसऱ्या दिवशी अंग दुखून ड्यूटी बुडाली तर बिनपगारी लागेल याची धास्ती होती. यातल्या एकाही अडचणीवर पगार अडवणं हा इलाज नाही.

आम्ही आइस बॉक्स घेऊन रात्री वॉर्डांतून फिरायला लागलो तेव्हाचा एक प्रसंग सांगते. दोन वाजून गेले होते, सिस्टर काउंटरपाशी बाही वर करून रांगेत उभ्या होत्या आणि हाऊसकीपिंगची एक मावशी मॉप बाजूला टेकवून लांबून बघत होती. तुम्ही घेतलीत का, असं विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, आमच्यासाठी पण असते का ही?" ती त्या आयसीयूत कित्येक वर्षं काम करत होती. पेशंटच्या उशाशी वाकून ती लॉकर पुसते, थुंकीची भांडी उचलते, डायपर बदलायला सिस्टरला हात देते. ती कॉन्ट्रॅक्टरच्या पटावर असल्यामुळे आमच्या कोणत्याच यादीत तिचं नाव नव्हतं. तिला लगेच लस दिली आणि पुढच्या फेरीच्या आधी कॉन्ट्रॅक्टरकडून सगळी नावं मागवून घेतली. तुमच्या 'सगळ्या स्टाफ'मध्ये मावशी, मामा, सिक्युरिटी, कँटीनची मुलं, एक्स-रे टेक्निशियन, शिकाऊ नर्सिंगच्या मुली आणि बाहेरून येणारे कन्सल्टंट आहेत का, ते आजच तपासा. कन्सल्टंटवर तर मी मुद्दाम भर देते. सकाळी ठाण्यात, दुपारी ऐरोलीत, संध्याकाळी मुलुंडला राउंड घेणारा डॉक्टर तीन रुग्णालयांचे पेशंट तपासतो. ऑर्डर त्याला लागू होत नसेल तर ती सिस्टरांना लावायला काय आधार उरतो?

आता लसीबद्दल. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. काहींना तर लक्षणं जाणवतही नाहीत. म्हणजे 'ताप आला की घरी बसेन' एवढ्याने पेशंट सुरक्षित राहत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस घेण्याची शिफारस आहे ती याच कारणाने. लक्षात घ्या, शिफारस आहे, सक्ती नाही.

लसीची मर्यादाही मुलींना स्पष्ट सांगा. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी ती डॉक्टरकडे जावं लागेल इतका आजार ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळणी फसली त्या वर्षी त्याहून कमी. विषाणू बदलत राहतो आणि काही महिन्यांत प्रतिपिंडंही (अँटीबॉडीज) उतरतात, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. त्यामुळे एप्रिल-मे हाच योग्य काळ. तुमच्या मालकांनी मेअखेर धरली ते बरोबर आहे. खरेदी करताना खोक्यावर कोणत्या हंगामाची आणि कोणत्या गोलार्धाची लस आहे ते वाचून घ्या. पावसाळ्याआधी दक्षिण गोलार्धाची नवी लस बाजारात आली असेल तर ती मागा. मुदत संपत आलेला साठा वितरक सवलतीत देऊ करतात, त्याला नाही म्हणा.

हिपॅटायटिस बीच्या लसीशी तुलना नेहमी होते. तुमच्या मालकांनीही केली असेल: हिपॅटायटिस बी घ्यायला लावतो तेव्हा कोणी बोलत नाही, मग हीच का वेगळी? वेगळी आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नियमाची भाषा वाचा, कर्तव्य मालकावर टाकलंय. शिवाय ती लस तीन डोसांची, एकदा पूर्ण केली की बहुतेकांना दीर्घकाळ पुरते आणि परिणामही उत्तम. फ्लूची दरवर्षी घ्यायची, परिणाम मध्यम आणि निम्मा हेतू पेशंटला वाचवण्याचा. दुसऱ्याच्या भल्यासाठी एखाद्याच्या दंडात दरवर्षी सुई टोचायला लावायची तर त्यासाठी कारणही तेवढंच भक्कम हवं.

सक्तीचा अनुभव मुख्यतः अमेरिका आणि कॅनडाचा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. सिअॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये ही लस नोकरीची अट केली आणि प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर गेलं. पण नर्सेसची युनियन भांडली आणि लवादाने निकाल दिला की युनियनशी बोलणी न करता अशी अट लादता येणार नाही. सेंट लुईसच्या बीजेसी हेल्थकेअरने २००८ मध्ये सक्ती केली तेव्हा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांपैकी ९८.४ टक्के लोकांनी लस घेतली आणि आठ जणांची नोकरी गेली. न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर सक्ती आणली. कोर्टाने तिला तात्पुरती स्थगिती दिली, त्यात लसीचाच तुटवडा पडला आणि काही आठवड्यांत सरकारला ती मागे घ्यावी लागली. कॅनडातल्या ऑन्टारिओत 'लस घ्या नाहीतर हंगामभर मास्क लावा' असा नियम काही रुग्णालयांनी केला. २०१५ आणि २०१८ मध्ये लवादांनी तो फेटाळला, कारण लस न घेतलेल्या पण धडधाकट नर्सने महिनोन् महिने मास्क लावल्याने पेशंटचा फ्लू टळतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना दिसला नाही.

सक्तीने आकडा वाढतो, याबद्दल वाद नाही. आकडा वाढल्याने पेशंट किती वाचतात, हा प्रश्न तितका सरळ नाही. स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात दीर्घकालीन काळजी केंद्रांत अभ्यास झाले. तिथल्या कर्मचाऱ्यांना लस दिली तेव्हा वृद्धांचे मृत्यू कमी झालेले दिसले. पण पुढे वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या तज्ज्ञांनी अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू कमी झाल्याचं ठोस दिसलं नाही आणि पुरावा कच्चा असल्याचं त्यांनी नोंदवलं. मी यातून एवढंच घेते: लस द्यावी इतका पुरावा नक्कीच आहे, तिच्यासाठी एखाद्याचं पोट मारावं इतका नाही. शिवाय डायलिसिसचा पेशंट, केमो चालू असलेला पेशंट आणि एनआयसीयूतलं (नवजात बाळांच्या आयसीयूतलं) दीड किलोचं बाळ यांच्याजवळ काम करणाऱ्याचा विचार वेगळा आणि बिलिंग काउंटरवर बसणाऱ्याचा वेगळा. सरसकट ऑर्डर हा फरक पुसून टाकते.

कायद्याबद्दल दोनच मुद्दे सांगते. मी वकील नाही, त्यामुळे ऑर्डर काढण्याआधी कामगार कायद्याच्या माणसाला दाखवाच. पहिला मुद्दा, सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सांगितलं की कोणावरही लसीची जबरदस्ती करता येत नाही, शरीरावरचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ चा (जगण्याच्या हक्काचा) भाग आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी आणि प्रमाणशीर निर्बंध घालता येतात, असंही त्याच निकालात आहे. तो निकाल कोविडबद्दल आणि सरकारी निर्बंधांबद्दलचा आहे, खासगी मालकाच्या ऑर्डरवर तो जसाच्या तसा बसेल असं नाही. पण 'वाजवी आणि प्रमाणशीर' ही कसोटी तुमच्या मसुद्यालाही लावून बघावी अशी आहे. दुसरा, केलेल्या कामाचा पगार अडवणं. पगारातून कपात कोणत्या कारणांनी करता येते ते कायद्याने ठरवून दिलंय आणि लस न घेणं हे त्यातलं कारण नाही. ते वाक्य मसुद्यातून आजच काढा.

आता मला सगळ्यात कळकळीने जे सांगायचंय ते रजेबद्दल. तुमच्या प्रश्नात रजेचा उल्लेखच नाही, आणि गेल्या वर्षी तुमच्या आयसीयूत जे झालं ते मला तरी बरंचसं रजेचं प्रकरण वाटतं. पावसाळ्यातलं रात्री आठचं हँडओव्हर डोळ्यांसमोर आणा. एखादी मुलगी दिव्याहून किंवा कळव्याहून खच्चून भरलेल्या लोकलने आलेली असते. चेहरा लाल, डोळे जड, मास्क जरा जास्तच वर ओढलेला. एप्रनच्या खिशात डोलोची पट्टी, त्यातल्या दोन गोळ्या गेलेल्या. विचारलं तर म्हणते, "काही नाही सिस्टर, भिजले ना काल." ती खोटं बोलते कारण एसएल (आजारपणाची रजा) संपलीय, किंवा तिच्या जागी कोणी नाही हे तिला माहीत आहे, किंवा मागच्या वेळी तापाची रजा घेतली तेव्हा तिला ऐकून घ्यावं लागलं होतं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, विषाणू पसरायचा थांबत नाही. त्या रात्री ती व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन करणार आहे, म्हणजे नळीतून त्याचा कफ ओढून काढणार आहे.

कॉन्ट्रॅक्टच्या मावशींचं याहून कठीण. दिवस भरला नाही तर दिवसाचे पैसे नाहीत. पगार २१ हजारांपर्यंत आहे म्हणून ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) संरक्षण असलं, तरी आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के मिळतो आणि आजाराचे पहिले दोन दिवस सहसा त्यात धरत नाहीत. फ्लूमध्ये नेमके तेच दिवस सगळ्यात जास्त पसरवणारे. लस घेतली नाही तर पगार अडवणारं आणि तापात घरी राहिलं तरीही पगार कापणारं रुग्णालय पेशंटच्या सुरक्षिततेबद्दल बोलतंय, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून मालकांना माझं सांगणं असं: लसीच्या ऑर्डरच्या आधी तापाच्या रजेची ऑर्डर काढा. ताप आणि खोकला असेल तर कामावर यायचं नाही, ही रजा भरपगारी, पहिल्या तीन दिवसांना सर्टिफिकेट मागायचं नाही, कॉन्ट्रॅक्टच्या लोकांचे त्या दिवसांचे पैसे रुग्णालय कॉन्ट्रॅक्टरला देईल, आणि गोळीशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच परत ड्यूटी. लोक गैरफायदा घेतील, असं मालक म्हणतील. थोडे घेतीलही. तीन सिस्टर एकदम आजारी पडून आयसीयूचे बेड बंद ठेवावे लागले तर त्याचा खर्च काय येतो, तो हिशोब त्यांच्यापुढे ठेवा.

यंदाचं वर्ष मी असं चालवीन. लस पूर्ण मोफत, कॉन्ट्रॅक्टच्या लोकांसकट. पहिला डोस मालक डॉक्टरांनी सगळ्यांसमोर घ्यायचा, त्याच दिवशी तुम्ही आणि सगळे विभागप्रमुख. एका ठिकाणी कॅम्प लावून भागत नाही. तिन्ही शिफ्टला, रविवार धरून, वॉर्डावॉर्डांत जायचं. आइस बॉक्सचं तापमान २ ते ८ अंश राखायचं, सिरिंज गोठलेल्या आइस पॅकला थेट टेकू द्यायची नाही, कारण एकदा गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते. लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसवायचं, गंभीर अॅलर्जी आली तर हाताशी असावं म्हणून ट्रेमध्ये अॅड्रेनलीन ठेवायचं. ज्यांची दुसऱ्या दिवशी ऑफ आहे त्यांना आदल्या दिवशी द्या, म्हणजे अंग दुखलं तरी ड्यूटी अडत नाही. ही छोटी सोय आमच्याकडे फार उपयोगी पडली. नको म्हणणाऱ्यांकडून एक साधा अर्ज भरून घ्या आणि त्यात कारण लिहायला जागा ठेवा. तो अर्ज धाक दाखवायला वापरू नका, पुढच्या वर्षी काय बदलायचं हे तुम्हाला त्यातूनच कळेल. आणि पावसाळ्यात आयसीयू, डायलिसिस, एनआयसीयूमध्ये मास्क सगळ्यांनाच लावा, लस घेतलेल्यांनाही. एकट्या न घेणारीला मास्क लावायला लावणं म्हणजे तिच्या कपाळावर पाटी चिकटवणं.

एवढं केल्यावरही आयसीयू, डायलिसिस, केमो आणि एनआयसीयूत बरेच जण लसीविना राहिले, तर पुढच्या वर्षी त्या विभागांपुरती अट घालायला माझी हरकत नाही. पण अट पोस्टिंगची असावी. या विभागात काम करायचं तर लस हवी. नको असेल तर फ्लूच्या महिन्यांत दुसऱ्या विभागात ड्यूटी, पगार आणि सीनियॉरिटीला धक्का न लावता. आधीच्या डोसाची गंभीर अॅलर्जी किंवा तसंच वैद्यकीय कारण असेल तर सूट, आणि ती सूट तिच्या रिपोर्टिंग सिस्टरने ठरवायची नाही, डॉक्टरने ठरवायची. तुमचं रुग्णालय सत्तर खाटांचं आहे, बदली करायला जागा कमी पडेल, हे मला मान्य आहे. म्हणून अट जितकी कमी लोकांना लागू होईल तितकं बरं.

राहिल्या त्या दोघी. त्यांना केबिनमध्ये बोलावू नका, चहाच्या वेळी एकेकीशी वेगळं बोला आणि आधी ऐका. 'मागच्या वेळी लस घेतली आणि फ्लूच झाला' असं म्हणाली तर सांगा की इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. एक-दोन दिवस दंड दुखतो, थोडी कणकण येते. पावसाळ्यात ताप आणणारे दुसरे विषाणूही भरपूर असतात, आणि आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टोही. त्यांवर ही लस चालत नाही. दिवस राहिलेत किंवा राहण्याची शक्यता आहे म्हणून घाबरत असेल (वीस-पंचविशीतल्या मुलींमध्ये हे कारण खूपदा असतं आणि त्या ते सांगत नाहीत), तर तिला सांगा की इंजेक्शनची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते, उलट गरोदर बाईला फ्लू जास्त जड जातो म्हणून तिला आवर्जून देतात. नाकात मारायची जिवंत विषाणूची लस मात्र तिला द्यायची नाही. अंगावर दूध पाजणाऱ्या आईलाही इंजेक्शनची लस चालते. कोणी अंडं खात नाही म्हणून विचारलं तर बहुतेक फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवतात हे खरं तेच सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं तर ती पुन्हा तुमचं काही ऐकणार नाही. मग निर्णय तिचा. आणि इतकं होऊनही नाही म्हणाली तर यंदा तो नकार स्वीकारा, तिला आयसीयूऐवजी जनरल वॉर्ड द्या आणि विषय तिथे थांबवा.

मालकांकडे जाताना नुसता मसुदा नेऊ नका. गेल्या जुलै ते सप्टेंबरचं हजेरी रजिस्टर काढा. तापाने कोण किती दिवस नव्हतं, त्यांच्या ड्यूट्या कोणी डबल केल्या, ओव्हरटाइम किती गेला, आयसीयूचे किती बेड रिकामे ठेवावे लागले, हे एका कागदावर लिहा. शेजारी सगळ्यांच्या लसीचा आणि तापाच्या रजेचा अंदाजे खर्च मांडा, कॉन्ट्रॅक्टच्या लोकांसकट. तो कागद त्यांच्यासमोर ठेवून पगार अडवण्याचं वाक्य काढायला सांगा. ते काय म्हणाले ते इथे जरूर लिहा. नकाराच्या अर्जाचा आमचा नमुना हवा असेल तर तोही देईन.